मागचा बाक

मिरजेच्या एक बाई लग्न होऊन चेन्नईजवळ एन्नोरला आल्या आणि खाडीपलीकडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवू लागल्या. सासर तंजावरी मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. सासरे अशोक लेलँडच्या एन्नोर कारखान्यातून निवृत्त झालेले. १९४८ मध्ये अशोक मोटर्स म्हणून सुरू झालेली आणि १९५५ पासून अशोक लेलँड म्हणवणारी ही कंपनी. तिथल्या तपासणी खात्यात, हातात गेज धरून, सासऱ्यांची उभी हयात गेली.

बाई रोज सकाळी एन्नोर स्टेशनवर गुम्मिडीपूंडीची लोकल पकडत. गाडी सुटली की लगेच पाणी लागतं. कोसस्थलैयार नदी इथेच समुद्राला मिळते, बकिंगहॅम कालवाही इथेच तिला येऊन भिडतो. पुलावरून बघितलं तर एका नजरेत नदी, कालवा, कांदळवन, होड्या आणि वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. भूगोलाच्या शिक्षकाला याहून चांगली खिडकी कुठे मिळायची! पण बाईंची मान खाली असे. त्या मोबाइलवर कुठल्या तरी ऑनलाइन एफडीपीची, म्हणजे प्राध्यापकांसाठीच्या प्रशिक्षणाची, चाचणी सोडवत. वीस प्रश्न, साठ टक्के गुण, मग अभिप्रायाचा फॉर्म. तो भरला की प्रमाणपत्र ईमेलवर. अत्तिपट्टू पुदुनगर येईपर्यंत एक चाचणी उरकायची.

हे वाचून कुणी बाईंना कामचुकार समजू नये. त्या एकही तास चुकवत नसत. घरी आजारपण असलं तरी तास घेऊन मग रजा टाकत. वह्या वेळेवर तपासत, पोर्शन वेळेवर संपवत. त्यांच्यासारखी माणसं आहेत म्हणून आपली कॉलेजं चालतात. पण बढतीची फाईल जमवण्याचं कामही त्यांच्यावर होतं, आणि ते त्या तितक्याच चोख करत. ओरिएंटेशन झालं होतं, रिफ्रेशर झाले होते. करोनाच्या टाळेबंदीत देशभर वेबिनारांचा पूर आला, तेव्हाची प्रमाणपत्रं तर एका वेगळ्या फोल्डरमध्ये होती.

या व्यवस्थेमागची कल्पना फार चांगली होती, हे इथे सांगायलाच हवं. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने म्हटलं होतं की नव्या अधिव्याख्यात्यांसाठी नियमित उद्बोधन वर्ग असावेत आणि मोठ्या विद्यापीठांनी त्यासाठी कायमचं स्टाफ कॉलेजच काढावं. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, शिक्षणाचा इतका सखोल विचार केलेली माणसं आपल्याकडे थोडी. प्राथमिक शाळेच्या गुरुजींना अध्यापनाचं शिक्षण लागतं आणि विद्यापीठात शिकवणाऱ्याला मात्र फक्त विषय आला की पुरे, ही समजूत मोडायची होती. पुढे १९८६ चं शैक्षणिक धोरण आलं आणि १९८७ पासून अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं सुरू झाली. त्यांची नावं बदलत गेली, आता ती मालवीय मिशनच्या नावाने ओळखली जातात. काम तेच: शिकवणाऱ्याने शिकत राहावं.

मग हे शिकणं बढतीला जोडलं गेलं, आणि बढतीसाठी मोजता येईल अशी गोष्ट लागते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत अध्यापनाची प्रतवारी आहे: नेमून दिलेल्या तासांपैकी ऐंशी टक्के किंवा जास्त तास घेतले तर ‘चांगले’, सत्तर ते ऐंशीच्या मधे असेल तर ‘समाधानकारक’. म्हणजे तास झाला का, एवढं कळतं. तासात काय झालं, ते कळायला तिथे जागा नाही. बाईंची प्रतवारी अर्थातच ‘चांगले’ होती, दरवर्षी.

डिसेंबर २०२३ ची गोष्ट. मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नई बुडाली. मणलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या बाजूचं तेल पुराच्या पाण्याबरोबर बकिंगहॅम कालव्यातून एन्नोरच्या खाडीत उतरलं. होड्या, जाळी, कांदळाची मुळं, घरांच्या भिंती, सगळं काळं झालं. काट्टुकुप्पमचे मच्छीमार मग्ग्यांनी तेल उपसून पिंपांत भरत होते. बाईंच्या वर्गातला एक मुलगा त्यांत होता. कॉलेज सुरू झाल्यावरही तो येत नव्हता. आला तेव्हा त्याच्या नखांत काळं साचलेलं होतं, आणि तो हात बाकाखाली धरून बसला.

त्या दिवशी योगायोगाने धडा नदीमुखाचा होता. बाईंनी फळ्यावर नेहमीची आकृती काढली: नदी, मुख, वाळूचा दांडा, भरतीची रेषा. उदाहरण एन्नोरचंच द्यायच्या, कारण मुलांना जवळचं वाटतं. मुखाशी पुरुषभराहून खोल पात्र, भरतीचं पाणी मैलोन्‌मैल आत, त्यामुळे कोळंबीची समृद्ध पैदास. हे वाक्य त्यांच्या टिपणवहीत होतं. वहीची पानं पिवळी पडली होती. कडा फाटू नयेत म्हणून बाईंनी त्यांना सेलोटेप लावलेला होता.

मुलाने हात वर केला. “मॅडम, तिथे माझ्या कमरेइतकं पाणी आहे. ओहोटीला गुडघाभर. खाली राख आहे.”

वर्ग गप्प झाला. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अजून दोन मुद्दे बाकी होते.

“असेल,” त्या म्हणाल्या, “पण परीक्षेत वहीत आहे तेच लिही.”

मुलाने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. त्याने काहीच वाद घातला नाही, हेच बाईंना दिवसभर लागून राहिलं. ज्या पाण्यात तो आठवडाभर उभा होता, त्याच पाण्याबद्दल त्याने बाईंच्या सांगण्यावरून खोटं लिहिलं होतं. परतीच्या लोकलमध्ये त्या पहिल्यांदा दारापाशी उभ्या राहिल्या. ओहोटी होती. पात्राच्या मधोमध एक माणूस चालत चालला होता.

रात्री जेवताना त्यांनी सासऱ्यांना हे सांगितलं. मामंजींनी भात कालवता कालवता विचारलं, “तुझा तास कोण तपासतं?”

“म्हणजे?”

“आमच्याकडे करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. स्वतः केलेला माल स्वतः पास करायचा नाही. हुशार कारागीर असला तरी नाही. कारण हात चुकला तर डोळाही त्याच बाजूला चुकतो.”

“वर्ग म्हणजे माल नव्हे, मामंजी. मुलांना गेज कसं लावणार?”

“मुलांना कोण लावायला सांगतंय? तुझा तास कुणी बघितलाय का, एवढंच विचारतोय.”

बाईंनी आठवून पाहिलं. नोकरीच्या मुलाखतीला डेमो दिला होता, तेव्हा तिघांनी बघितलं होतं. त्यानंतर त्यांच्या वर्गात विद्यार्थ्यांखेरीज कुणीही मोठं माणूस बसलेलं नव्हतं. नवऱ्यानेही त्यांना शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. हा प्रकार बाईंच्याच बाबतीत झाला असं नाही. डॉक्टराच्या शस्त्रक्रियेला भूलतज्ज्ञ हजर असतो, गवयाच्या मैफलीत दुसरा गवई बसलेला असतो. प्राध्यापक मात्र तीस-पस्तीस वर्षं दार लावून एकट्याने शिकवतो आणि निवृत्त होतो. निरोपसमारंभात त्याच्या अध्यापनाची स्तुती करणाऱ्या सहकाऱ्यांपैकी एकानेही त्याचा तास ऐकलेला नसतो. आपल्या उच्च शिक्षणातल्या पुष्कळ दुखण्यांचं मूळ या बंद दारात आहे, असं मला मनापासून वाटतं.

झोपण्यापूर्वी बाईंनी कपाटातून रिफ्रेशरच्या वेळची डायरी काढली. पहिली काही पानं टिपणांनी भरलेली, पुढची कोरी. एका पानावर दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य होतं: महिन्यातून एकदा सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवावं आणि त्याने फक्त दिसलं ते लिहावं, मत देऊ नये. त्या कोर्सला आलेल्या एका ज्येष्ठ शिक्षकाने ते सांगितलं होतं. ऐकताना बाईंना पटलं होतं, म्हणून तर दोन रेघा. मग कोर्स संपला, अभिप्रायाचा फॉर्म भरला, प्रमाणपत्र आलं. सोमवारी कॉलेजला गेल्यावर मुख्यांनी प्रमाणपत्राची झेरॉक्स मागून घेतली. काय शिकलात, आता काय वेगळं करणार, हे कुणी विचारलं नाही, आणि बाईंनी स्वतःलाही विचारलं नाही.

प्रशिक्षणाचं मूल्यमापन कसं करावं, याच्या चार पायऱ्या डोनाल्ड किर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्येच मांडल्या आहेत. शिकणाऱ्याला कार्यक्रम आवडला का, तो त्यातून काही शिकला का, कामावर परतल्यावर त्याचं वागणं बदललं का, आणि त्या बदलाचा उपयोग झाला का. आपले अभिप्रायाचे फॉर्म पहिल्या पायरीवर रेंगाळतात, ऑनलाइन चाचणी कशीबशी दुसरीवर पोचते. तिसरी पायरी वर्गात आहे, तिथे जायचं तर कुणाला तरी वर्गात जाऊन बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विभागातल्या सर्वांत धाकट्या सहकाऱ्याला गाठलं. तो दीड वर्षापूर्वी लागलेला, अजून करारावर. आधी तो घाबरला. वरिष्ठ बाईंच्या वर्गात बसून त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे काय! बाईंनी डायरीतलं वाक्य दाखवलं. “मत देऊ नका, सर. दिसेल ते लिहा.”

त्याने लिहिलं. एका फुलस्केपवर, वेळेसकट. पन्नास मिनिटांच्या तासात मॅडम चव्वेचाळीस मिनिटं बोलल्या. सहा प्रश्न विचारले. सहाही प्रश्नांची उत्तरं तीन-चार सेकंदांत स्वतःच दिली. ‘कळलं का?’ अकरा वेळा. खिडकीकडच्या ओळीकडे एकदाही पाहिलं नाही. दहा वाजून बावीस मिनिटांनी काट्टुकुप्पमच्या मुलाने हात खांद्यापर्यंत उचलला आणि खाली घेतला.

बाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. त्या धाकट्या सहकाऱ्याशी दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. त्याला वाटलं, आपली नोकरी गेली. तिसऱ्या दिवशी त्या त्याच्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, “दहा बावीसला मी काय सांगत होते, आठवतं का?”

“भरतीची रेषा, मॅडम.”

“मग बरोबर आहे. त्याला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.”

जानेवारीत, ओहोटीची वेळ बघून, बाई सात-आठ मुलांना घेऊन खाडीवर गेल्या. मुलाच्या वडिलांची फायबरची होडी होती. वल्ह्याऐवजी लांब बांबू. मुलांनी त्या बांबूवर दर अर्ध्या फुटाला रंगाची खूण केली. वडील ठरावीक अंतरावर होडी थांबवत, बांबू सरळ खाली सोडत, मुलं आकडा वाचून वहीत घेत. काही ठिकाणी आकडा दीड फुटाच्या पुढे गेला नाही. बांबू वर आला की टोकाला करडा, साबणासारखा बुळबुळीत थर चिकटलेला दिसे. एन्नोरचं जुनं औष्णिक वीजकेंद्र १९७० पासून २०१७ पर्यंत चाललं, पलीकडचं उत्तर चेन्नई केंद्र अजून चालतं. राखेचा गाळ पाण्याबरोबर वाहून नेणारे नळ खाडीवरून जातात, गळतात, आणि गळलेली राख तळाशी बसते.

वडिलांना आकड्यांची गरज नव्हती. “वाळू बांबूला मागे ढकलते,” ते म्हणाले, “चिखल धरून ठेवतो. राख काहीच करत नाही, बांबू नुसता आत जातो.” बाईंनी स्वतः बांबू हातात घेऊन पाहिला. तिसऱ्या खेपेला त्यांना फरक कळला. मग त्यांनी प्रत्येक मुलाला तो धरायला लावला, आणि होडी अर्धा तास एकाच जागी उभी राहिली.

परतल्यावर मुलाच्या काकांनी घरातून एक झेरॉक्स आणली. १९९६ चा, किनारपट्टी नियमनासाठी मंजूर झालेला नकाशा. त्यात एन्नोरची खाडी होती, सुमारे साडेसहा हजार एकर, संरक्षित क्षेत्र म्हणून. नंतरच्या एका सरकारी नकाशात ती खाडी दिसतच नाही, हे २०१७ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं आणि मच्छीमार व कार्यकर्त्यांनी त्यावरून रान उठवलं. गायक टी. एम. कृष्णा यांचं ‘पोरम्बोक’चं, म्हणजे सार्वजनिक जमिनीचं, याच खाडीकाठी चित्रित झालेलं गाणं आलं, तेही त्याच वर्षी. एन्नोरमध्ये राहणाऱ्या, भूगोल शिकवणाऱ्या बाईंपर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं. त्यांनी झेरॉक्सवरून हात फिरवला. त्यांचं संध्याकाळचं स्टेशनवरून घरी जाणंही त्या नकाशाच्या कोपऱ्यात होतं.

पुढच्या आठवड्यात वर्गात मुलांनी मोजलेल्या आकड्यांवरून पात्राचा छेद काढला, आणि फळ्यावर शेजारी बाईंनी आपली जुनी आकृती काढली. दोन्हींत फरक का, एवढाच प्रश्न विचारला आणि त्या थांबल्या. पहिलं अर्धं मिनिट कुणी बोललं नाही. ते अर्धं मिनिट बाईंना फार जड गेलं. मागच्या बाकावर धाकटा सहकारी बसला होता आणि घड्याळ बघत होता. मग एक मुलगी म्हणाली, गाळ नदीने आणला असेल. दुसरा म्हणाला, नदीचा गाळ असा करडा नसतो. तिसऱ्याने विचारलं, मग पावसाळ्यात पुराचं पाणी जातं कुठे? आणि डिसेंबरचं तेल खाडीत इतके दिवस का टिकलं? काट्टुकुप्पमचा मुलगा फळ्याजवळ आला, खडू घेतला आणि बाईंची भरतीची रेषा पुसून जिथे असायला हवी तिथे काढली.

त्या दिवशीच्या फुलस्केपवर लिहिलेलं होतं: मॅडम एकोणतीस मिनिटं बोलल्या. गोंगाट पुष्कळ. दोन मुलं पूर्ण वेळ मोबाइलवर. खिडकीकडच्या ओळीतून चार प्रश्न. धडा अर्धवट राहिला.

धडा खरोखरच अर्धवट राहिला. त्या सत्रात बाईंचा पोर्शन मागे पडला आणि शेवटी दोन जादा तास घ्यावे लागले. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत नदीमुखाची तीच जुनी आकृती विचारली होती. मुलांनी ती काढली. काहींनी खाली स्वतःचा छेदही काढून दाखवला, त्याला गुण मिळाले की नाही कुणास ठाऊक. एका सत्रात सगळं पालटलं असं सांगणाऱ्या गोष्टी मला खऱ्या वाटत नाहीत, आणि शिक्षकांनाही त्यांनी उमेद येण्याऐवजी अपराधी वाटतं. बाईंचं बोलणं चव्वेचाळीसवरून एकोणतीसवर आलं. ही मोठी मजल आहे.

बढतीची समिती उन्हाळ्यात बसली. फाईल पूर्ण होती. प्रमाणपत्रं, शोधनिबंध, तासांची टक्केवारी. बढती मिळाली. होडीबद्दल किंवा फुलस्केपांबद्दल फाईलमध्ये एकही पान नव्हतं, बाईंनी लावलं नव्हतं.

जूनमध्ये विभागाच्या बैठकीत त्यांनी प्रस्ताव मांडला: प्रत्येकाने महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या वर्गात मागे बसावं. विभागप्रमुखांना कल्पना आवडली. त्यांनी लगेच वही ओढली. “याचा एक नमुना करू, मॅडम. दहा निकष, प्रत्येकी पाच गुण. खाली दोघांच्या सह्या. नॅकच्या तपासणीच्या वेळी दाखवता येईल.”

“सर, तसं केलंत तर मी यात नाही,” बाई म्हणाल्या.

प्रमुखांना राग आला. चांगल्या कामाची नोंद नको, हे कसलं धोरण? बाईंनी शांतपणे सांगितलं, की कागद फाईलला लागणार असं कळलं तर हा धाकटा मुलगा माझ्याबद्दल ‘चव्वेचाळीस मिनिटं’ असं कधीच लिहिणार नाही. ‘उत्कृष्ट’ लिहील. मीही त्याच्याबद्दल तेच लिहीन. मग आमच्या दोघांचे पाचपैकी पाच होतील आणि दोघंही होतो तिथेच राहू.

बाईंचं म्हणणं अनुभवाचं आहे. शोधनिबंधांचं आपण हेच करून बसलो. २०१८ मध्ये पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली हजारेक नियतकालिकं तपासली, तेव्हा त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांना उतरली नाहीत. निबंध मोजायला लागल्यावर मोजण्यापुरते निबंध निघाले, आणि ते छापण्यापुरती नियतकालिकं. मागच्या बाकाचंही तसं व्हायला वेळ लागणार नाही. गुण देण्यासाठी बघणं आणि सुधारण्यासाठी बघणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकाच माणसाला, एकाच कागदावर करायला लावली की दुसरं मरतं.

बैठक ताणली गेली. शेवटी ठरलं, की ज्याला हवं त्याने करावं. कागद ज्याच्या तासाचा, त्याच्याच जवळ राहील. विभागात कुठेही जमा होणार नाही. प्रमुख म्हणाले, “मग कुणी करणार नाही, बघा.” दोघांनी होकार दिला, तोही जरा बाईंच्या भिडेखातर.

बैठक संपल्यावर सगळे चहाला गेले. विभागातले सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक मागे रेंगाळले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बैठकीत एक शब्द बोलले नव्हते. बाई खुर्च्या सरकवत होत्या.

“मॅडम, गुरुवारी तिसरा तास मोकळा आहे का तुम्हाला?”

“आहे, सर.”

“नकाशा-प्रक्षेपणं घेतोय. मुलांना ती कळत नाहीत असं मला फार वर्षांपासून वाटतंय. पण कुठे अडतं ते मला सापडत नाही. याल का?”

“येते, सर. वेळ लिहू?”

“लिहा,” ते म्हणाले. “मिनिटामिनिटाची लिहा.”